देणे राखून केलेली तौबा

तौबा लांबणीवर टाकणारा मनुष्य बहुधा बेफिकीर नसतो. तो पाचही वक्तांच्या नमाजाला उभा राहणारा, रमजानचे रोजे धरणारा, जकातीचा हिशेब चोख ठेवणारा आणि कुणाच्या जनाज्याला गेला असता कबरीवर तीन मुठी माती टाकताना अंतःकरणापासून व्याकूळ होणारा असा सद्‌गृहस्थ असतो, आणि म्हणूनच त्याची दिरंगाई इतरांच्याच काय, त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. महसूल खात्याच्या कारकुनीत उमेदीची वर्षे घालविल्यामुळे माझा असा दृढ समज झाला आहे की, तौबेपायी जी एखादी वस्तू हातची सोडावी लागणार असते, तिच्यात अशा मनुष्याचा जीव अडकलेला असतो. ती वस्तू कोणती हे त्याला पक्के ठाऊक असते. तथापि तिचे नाव तेवढे टाळून बाकीच्या यच्चयावत गुन्ह्यांची माफी तो रोज मागत राहतो.

माझ्या पाहण्यात ही वस्तू बहुतेक वेळा जमिनीच्या रूपाने आली. खातेदार मयत झाला म्हणजे मुलगे वारसनोंदीचा अर्ज देत, फेरफार लिहिला जाई, हितसंबंधितांना नोटिसा निघत, आणि नेमल्या दिवशी कर्त्या भावाच्या मागोमाग बहिणी चावडीत येत. डोईवरचा पदर सावरीत, भिंतीला टेकून त्या उभ्या राहत; आम्हांस हिस्सा नको, आमची नावे कमी करावीत, असा जबाब त्यांच्या वतीने भाऊच सांगे, आणि शाईचा डाग पदराला लागू नये म्हणून अंगठा दूर धरून त्या निमूटपणे बाहेर पडत. हा प्रकार सर्वच समाजांत चाले. परंतु आम्हा मुसलमानांच्या बाबतीत त्याला काही सबबच उरत नाही. कुरआनच्या 'निसा' या सूरहमध्ये मुलीचा हिस्सा मुलाच्या हिश्शाच्या निम्मा, असा अंकगणिताइतका स्पष्ट नेमून दिलेला आहे. १९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमिनीचा प्रश्न वगळला होता, म्हणून कुणी रूढीकडे बोट दाखवी. पण कायद्याने जे वगळले ते ईमानातून वगळले गेले, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

आमच्या घरी हेच घडले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावी आजोबांनी भाताची काही खाचरे, नारळांची एक वाडी आणि डोंगरउतारावर लावलेली हापूसची कलमे मागे ठेवली. वारस म्हणजे आजी, माझे वडील आणि वडिलांच्या दोन बहिणी. शरीअतीप्रमाणे मिळकतीचे ३२ भाग केले तर आजीचे ४, वडिलांचे १४ आणि प्रत्येक फुफीचे ७. पुढे आजी निवर्तल्यावर तिचे ४ भाग त्याच प्रमाणात वाटले म्हणजे वडिलांचे १६ आणि फुफींचे ८-८. याचा अर्थ, निम्मी मिळकत बहिणींची असता सातबाराच्या कब्जेदार सदरी नाव मात्र एकट्या वडिलांचे राहिले. वडील दुष्ट नव्हते. ईदेला बहिणींकडे लुगडी जात, आंब्याच्या पेट्या जात, भाच्यांच्या शिक्षणाला पैसे जात; आणि मला वाटते, या देण्यानेच त्यांची फसगत केली, कारण जे हक्काने द्यायचे ते मेहेरबानी म्हणून थोडे थोडे देत राहिल्याने मूळ बाकीचा तगादा मनाला जाणवेनासा होतो.

त्यांना बाकीची जाणीव होती, हे मी खात्रीने सांगतो. आईजवळ हा विषय ते काढीत. मुलींची लग्ने उरकू देत, कलमे धरू देत, एवढा रमजान जाऊ दे, असे म्हणत म्हणत अखेरीस हजची यात्रा ही त्यांनी शेवटची मुदत ठरविली. हजला निघण्यापूर्वी घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ' करवून घेण्याची आमच्याकडे रीत आहे. थोरल्या फुफीकडे मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. ती ओटीवर सुपात सुकट निवडीत बसली होती. वडिलांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आपा, कहा-सुना माफ कर." ती म्हणाली, "माफच आहे रे, सुखरूप जाऊन ये. आमच्यासाठी दुवा कर." वडील क्षणभर थांबले, जमिनीचा शब्द त्यांच्या ओठांशी आला असावा असे मला स्पष्ट दिसले, आणि मग ते वहाणा शोधू लागले. आपण काय माफ केले हे त्या माउलीला ठाऊक नव्हते. आणि ज्या माफीत देणाऱ्याला आपण काय देत आहोत हेच माहीत नाही, तिच्यावर विसंबून कुणी इहराम बांधू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

हजहून परत आल्यावर तर प्रकरण अधिकच अवघड झाले. आता गाव त्यांना हाजीसाहेब म्हणू लागले, तंट्याबखेड्यांत पंच म्हणून बोलावू लागले, आणि इतकी वर्षे बहिणींची जमीन खाल्ली हे अशा मनुष्याने कोणत्या तोंडाने उच्चारावे? शुद्ध होण्यासाठी जी यात्रा केली, तिच्या प्रतिष्ठेतूनच नवी अडचण जन्मास आली. पुढे अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली. त्या अवस्थेत ते काही महिने होते. शुद्ध होती, डोळे बोलत, परंतु जबाब देण्यास जीभ नव्हती आणि सही करण्यास हात नव्हता.

कुरआनच्या ज्या सूरहमध्ये हे वारसाहिस्से सांगितले आहेत, त्याच सूरहमध्ये, अवघ्या काही आयतींच्या अंतरावर, तौबेच्या मुदतीचाही उल्लेख आहे, ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. हिस्से ११ व्या आणि १२ व्या आयतीत आहेत. १७ व्या आणि १८ व्या आयतीत असे बजावले आहे की, अज्ञानाने दुष्कृत्य करून जे लवकरच माघारी वळतात त्यांची तौबा अल्लाह कबूल करतो, पण दुष्कृत्ये करीत राहून मृत्यू समोर उभा राहिल्यावर आता मी तौबा केली असे म्हणणाऱ्याची तौबा ती तौबा नव्हे. हदीसमध्ये प्राण कंठाशी येईपर्यंतची मुदत सांगितली आहे, आणि पुष्कळांना ती मोठी सवलत वाटते. परंतु वाचा आणि हात त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतात, हे मी घरात पाहिले आहे.

दिरंगाई कशी अंगावर येते याचे सर्वांत प्रांजळ वर्णन हजरत काब बिन मालिक यांनी स्वतःच करून ठेवले आहे, आणि ज्याला आपल्या मनाची ओळख करून घ्यावयाची असेल त्याने ते मुळातून वाचावे. हिजरी सन ९ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० च्या सुमारास, पैगंबर साहेबांनी (स.) तबूकच्या मोहिमेची तयारी सुरू केली. दिवस कडक उन्हाचे होते, मदिनेत फळे पिकली होती, सावली गोड लागत होती. काब हे मुनाफिक नव्हते. अकबाच्या बैअतीला हजर असलेले ते जुने अन्सारी. शिवाय त्या वेळेइतकी सुबत्ता त्यांना पूर्वी कधीच नव्हती, स्वारीची दोन जनावरे दाराशी होती. रोज सकाळी ते तयारीसाठी बाहेर पडत, काही न करता परत येत, आणि मनाशी म्हणत की मला केव्हाही जमेल. सैन्य निघून गेले तेव्हाही एकदोन दिवसांत गाठता येईल असे त्यांना वाटले. ते अंतर मग वाढतच गेले. 'मला केव्हाही जमेल' हीच ती सबब! सामर्थ्य नसते तर ते कदाचित घाईने निघाले असते.

मोहीम परतल्यावर ऐंशीहून अधिक जणांनी निरनिराळ्या सबबी पुढे केल्या आणि त्या वरकरणी मान्यही झाल्या. काब यांनी, व त्यांच्यासारख्याच आणखी दोघांनी, कोणतीही सबब नव्हती असे खरे सांगितले. त्याची किंमत म्हणून ५० दिवस मदिनेत त्यांच्याशी कुणी बोलेना; गस्सानच्या राजाकडून आपल्याकडे येण्याविषयी पत्र आले, ते त्यांनी तंदुरात टाकले. अखेर 'तौबा' या सूरहमधील ११८ वी आयत उतरली. तेव्हा त्यांनी सारी मालमत्ता खैरात करण्याची इच्छा दर्शविली आणि काही भाग स्वतःजवळ ठेवणे बरे, असा त्यांना सल्ला मिळाला. या कथेत मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते हे की, माफीची वार्ता आली त्या दिवसाच्या कितीतरी आधी, सबब सांगण्याची संधी असूनही ती न सांगण्याच्या क्षणीच, त्यांच्या तौबेचा पाया घातला गेला होता.

इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन' मध्ये तौबेच्या अटी सांगितल्या आहेत: गुन्हा सोडणे, त्याबद्दल पस्तावणे, तो पुन्हा न करण्याचा निर्धार करणे, आणि गुन्हा एखाद्या माणसाच्या हक्काशी निगडित असेल तर चौथी अट, त्याचा हक्क त्याला पोचता करणे. आमच्या लोकांचे पहिल्या तीन अटींवर फार प्रेम आहे, कारण त्या मुसल्ल्यावर बसून पुऱ्या करता येतात. चौथीसाठी उठून दुसऱ्याच्या दारी जावे लागते. हदीसमधला तो खरा दिवाळखोर मला नेहमी आठवतो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात यांचा मोठा साठा घेऊन येईल आणि ज्यांचा माल खाल्ला, ज्यांना शिव्या दिल्या, ते एकेक करून तो साठा वाटून नेतील. अन्यायाने घेतलेल्या वीतभर जमिनीचे जोखड सात पृथ्वींच्या रूपाने गळ्यात पडेल, असेही पैगंबर साहेबांनी (स.) सांगून ठेवले आहे, आणि आमच्या वडिलांकडे तर वीतभर नव्हे, बहिणींची निम्मी मिळकत होती.

सबबी पुष्कळ ऐकल्या. अल्लाह गफूर आणि रहीम आहे, ही त्यांतली सर्वांत आवडती. 'जुमर' या सूरहमधील ५३ वी आयत कुणालाही निराश होऊ देत नाही, हे शंभर टक्के खरे. पण तिच्या लगेच पुढची आयत, संकट येण्यापूर्वी आपल्या रब्बकडे वळा असे सांगते, आणि दोन्ही एकाच दमात वाचल्या पाहिजेत. पुन्हा पाय घसरेल म्हणून आज तौबा कशाला, असे म्हणणारा तरुण मला खरोखर दयनीय वाटतो, कारण अट निर्धाराची आहे, हमीची नाही. पुन्हा घसरलेल्याने पुन्हा वळावे, दार उघडेच आहे, अशी स्पष्ट हदीस आहे. आपला गुन्हा फार मोठा, असे ज्याला वाटते त्याने ९९ खून करून शंभरावाही करणाऱ्या त्या मनुष्याची कथा आठवावी. जाणत्याने त्याला सज्जनांच्या गावी जाण्यास सांगितले, आणि तो वाटेतच वारला. पण वाटेवर होता, घरात बसून मुहूर्त शोधत नव्हता. म्हातारपणी करू म्हणणाऱ्याला इमाम गझाली यांचे उत्तर पुरेसे आहे: झाड आज उपटत नाही म्हणून पुढच्या वर्षी येईन म्हणणारा हे विसरतो की तोवर मुळे खोल जातील आणि त्याचे मनगट दुबळे होईल.

अब्रूची भीती मात्र मी हलकी मानत नाही. ज्या गुन्ह्यात दुसऱ्या कुणाचा हक्क गुंतलेला नाही, तो कुणाजवळही उघड करण्याची आमच्या धर्मात सक्ती नाही. उलट अल्लाहने झाकलेले आपण उघडे करू नये, अशीच शिकवण आहे. दोन रकात नमाज पढून एकांतात क्षमा मागावी, तेवढ्याने भागते. पैशाचे देणे असेल तर ते नाव न सांगताही पोचविता येते. धनको वारला असेल तर त्याच्या वारसांना द्यावे, शोधूनही कुणी सापडत नसेल तर त्याच्या नावे सदका करावा.

आम्ही भावांनी वडिलांच्या पश्चात हिशेब मांडला तेव्हा दिरंगाईची खरी किंमत कळली. धाकटी फुफी आधीच वारली होती, तिचा एक मुलगा मुंबईस, दुसरा आखातात; वाडीचा तुकडा परस्पर विकला गेलेला, त्याची किंमत कोणत्या दराने धरावी याचा वाद; वर्षानुवर्षांच्या नारळ-आंब्याच्या उत्पन्नाचा तर कागदच नव्हता. जे देता आले ते दिले. आम्ही दिले ते आमचे कर्तव्य म्हणून. वडिलांचे त्यांच्या रब्बशी काय ठरले असेल ते मी सांगू शकत नाही, आणि हे न सांगता येणे हेच माझ्या मनाला अजून बोचते.

म्हणून ज्यांच्याकडे बहिणींची जमीन आहे त्यांना माझे सांगणे असे. उताऱ्यावर त्यांची नावे आधी लागू द्यात, ताबा त्यांच्या हाती जाऊ द्यात, एका हंगामाचे पीक त्यांच्या घरात पडू द्यात. त्यानंतर एखादीने खुशीने भावाला काही बक्षीस दिले तर ते घ्यावे. ताब्याआधीचे, भावाच्या पाठीमागे उभे राहून उठविलेले अंगठे मी सरकारी कागदावर कायदेशीर म्हणून पुष्कळ पाहिले, पण ते खुशीचे होते अशी साक्ष मी देणार नाही. आणि व्यवहार पुरा होण्यास वेळ लागणार असेल तर आजच लेखी कबुली करून ठेवावी. ज्याच्याजवळ लिहून ठेवण्याजोगे काही आहे त्याने दोन रात्रीही लेखी वसीयतीवाचून काढू नयेत, अशी हदीस आहे. कबुलीत गट नंबर लिहावा, बहिणीचे नाव लिहावे, तिचा हिस्सा लिहावा, आणि हे देणे आहे, दान नव्हे, असे स्पष्ट शब्दांत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कारण वसीयतीला मिळकतीच्या एकतृतीयांशाची मर्यादा असते, देण्याला ती नसते, ते वाटणीच्या आधी फेडावे लागते, आणि मुलांच्या मनात लोभ उत्पन्न झाला तरी असा कागद त्यांना सहजासहजी नाकारता येत नाही.