तेलाचे लिटर आणि किलो

वस्तीत आहारावर बोलताना आम्ही आधी तेलाची पिशवी वाचायला लावतो. तेल पाण्यापेक्षा हलके. एक लिटर तेल भरते साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे एक किलो तेल जवळपास ११०० मिली. दुकानदार सुटे तेल किलोच्या भावाने देऊन लिटरचे माप ओतत असेल, तर ९० ग्रॅम, म्हणजे वीस लहान चमचे तेल गेले. विचारायला लाजू नका, पैसे आपल्या घामाचे आहेत. लिटरसारखी दिसणारी पिशवीही कमी वजनाची असू शकते.

औषधाचा ५ मिलीचा चमचा तेलाने भरला की साडेचार ग्रॅम, सुमारे ४० कॅलरी. बीपी-शुगरच्या घरात माणशी रोज तीन चमचे पुरेत. चौघांना महिन्याला दोन लिटरच्या आतच. तळणीचे तेलही यातच धरा.