वाक्य कुणाच्या हातून आलं

पुणे

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र काल दुपारी वाचलं आणि रात्री पुन्हा काढून वाचलं. तू बर्लिनला गेलीस ती ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसचा विचार करायला, आणि तुझ्या बाईंनी हातात दिली सहाव्या शतकातल्या सिंप्लिकिअस या टीकाकाराची पानं. त्यातलं कुठलं अवतरण कुठे सुरू होतं, कुठे संपतं, एवढंच शोधायचं. ‘मामा, हे तत्त्वज्ञान नाही, हे कारकुनी काम आहे,’ असं तू लिहितेस. ते वाक्य मला लागलं. रागावलो नाही, पण उत्तर सविस्तर द्यावंसं वाटलं. ज्या शहरात बसून तू हे लिहिलंस, त्याच शहरात हेरमान डील्सने हेच कारकुनी काम चाळीस वर्षं केलं. तू ज्याला हेराक्लिटस म्हणतेस, तो त्याच्या टेबलावरून तुझ्यापर्यंत आला आहे.

डील्स 1848 सालचा. वडील रेल्वेत नोकरीला. बॉनमध्ये उसेनर या मोठ्या गुरूकडे शिकला, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं शाळेत मास्तर होता, आधी फ्लेन्सबुर्गला, मग हॅम्बुर्गला, मग बर्लिनला. ग्रीक मतसंग्रहांवरचा त्याचा मोठा लॅटिन ग्रंथ 1879 साली आला तेव्हाही तो शाळेतच शिकवत होता. तुला आठवड्याला चार तास वर्ग घ्यावे लागतात म्हणून तू कुरकुरतेस, म्हणून हे आधी सांगितलं.

त्या ग्रंथात त्याने काय केलं ते नीट समजून घे. तारे कशाचे बनले, भूकंप का होतो, आत्मा म्हणजे काय, यावर जुन्या ग्रीकांची मतं सांगणारी दोन उत्तरकालीन पुस्तकं उरली होती. एक प्लुटार्कच्या नावावर खपलेलं, पण त्याचं नसलेलं. दुसरा स्टोबेअसचा संग्रह. दोन्हींत वाक्यंच्या वाक्यं सारखी. डील्सने ती शेजारी शेजारी दोन रकान्यांत छापली आणि दाखवून दिलं की यांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही, दोघांनीही तिसऱ्याच एका हरवलेल्या पुस्तकातून घेतलं आहे. थिओडोरेट नावाच्या ख्रिस्ती बिशपाने जाता जाता आएटिअस असं एक नाव घेतलं होतं, त्यावरून त्या हरवलेल्या पुस्तकाला कर्ताही मिळाला. आणि त्याच्याही मागे ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस उभा होता. म्हणजे एखादं मत पाच पुस्तकांत सापडलं तर ते पाच साक्षीदार असतीलच असं नाही. एकाच म्हाताऱ्याची ती पाच नातवंडं असू शकतात.

हे मी फार उशिरा शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मासिकात हेराक्लिटसवर लेख लिहिला, आणि सगळं वाहतं आहे हे दोन शब्दांचं सूत्र त्याच्याच तोंडचं म्हणून ठोकून दिलं. महिनाभराने एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, हे शब्द त्याच्या कुठल्या अवशिष्ट वचनात आहेत? मी शोधत बसलो. कुठेच नव्हते. प्लेटो आपल्या एका संवादात तो आशय हेराक्लिटसचा म्हणून सांगतो, आणि ते सूत्र त्या शब्दांत भेटतं ते हजार वर्षांनंतरच्या सिंप्लिकिअसकडे. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही या प्रसिद्ध वचनाचीही वेगवेगळ्या लेखकांकडून आलेली तीन रूपं आहेत, आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. माझा सगळा लेख नदीवर उभा होता. ती कुणाची नदी, हे मी पाहिलंच नव्हतं. आजही कुणी त्या लेखाचं कौतुक केलं की मला वाईट वाटतं.

आता तुझ्या सिंप्लिकिअसबद्दल. त्याला नुसता टीकाकार म्हणू नकोस. 529 साली सम्राट जस्टिनिअनच्या राजवटीत अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पडलं. जे मोजके आचार्य इराणच्या राजाच्या आश्रयाला गेले त्यांत हा होता. तिथेही मन रमलं नाही, परत फिरला. मग त्याने ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’वर प्रचंड भाष्य लिहिलं, आणि त्यात जुना ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस याच्या काव्याचे लांब लांब उतारे घातले. भाष्याला त्यांची तेवढी गरज नव्हती. पार्मेनिडीसचं पुस्तक आता दुर्मीळ झालं आहे म्हणून मी लिहून ठेवतो, असं तो स्वतःच सांगतो. पुढे ते पुस्तक खरोखरच नाहीसं झालं. हा प्रसंग आठवला की मला अजून गलबलून येतं. तू ज्या पानांवर पेन्सिलीने खुणा करते आहेस, ती अशा माणसाची आहेत.

ते भाष्य डील्सने 1882 आणि 1895 अशा दोन खंडांत संपादित केलं. ॲरिस्टॉटलच्या ग्रीक भाष्यकारांचे 23 खंड बर्लिनच्या अकादमीने 1909 पर्यंत काढले, त्या कामाची धुराही त्यानेच वाहिली. पार्मेनिडीसची संहिता त्याने 1897 साली स्वतंत्र काढली. त्या काव्याच्या आरंभी एक दार येतं, त्याला अडसर आहे, किल्ल्या आहेत. ते दार कसं उघडत असेल हे कळल्याशिवाय ओळींचा अर्थ लागेना, म्हणून या माणसाने पुस्तकाला ग्रीक दारं आणि कुलपं यांवर एक परिशिष्टच जोडलं. मला त्याच्या सगळ्या लिखाणात हे परिशिष्ट सर्वांत आवडतं.

मग 1903 साली सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांच्या वचनांचा तो संग्रह आला. पुढे वाल्टर क्रान्त्सने तो वाढवला, म्हणून आपण नुसतं ‘डी.के.’ म्हणतो. ‘अ’ विभागात इतरांनी सांगितलेलं, ‘ब’ विभागात त्यांचे स्वतःचे शब्द. हेराक्लिटसच्या वचनांचा क्रम निरर्थक आहे अशी तुझी तक्रार आहे. आरंभीची दोन-तीन सोडली तर तो क्रम वचन उद्धृत करणाऱ्या लेखकांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने आहे. मूळ पुस्तकातला क्रम हाती नव्हता, आणि स्वतःच्या मनाने हेराक्लिटसचं पुस्तक रचायला डील्सने नकार दिला. मला या नकाराबद्दल फार आदर वाटतो.

त्याचं सगळं बरोबर होतं असं मात्र समजू नकोस. वचन कापून वेगळं काढलं की ते कुणी, कुणाशी भांडताना उद्धृत केलं हे दिसेनासं होतं. 1987 साली कॅथरिन ऑस्बोर्नने अशी वचनं उद्धृत करणाऱ्या हिप्पोलिटसच्या संदर्भात हेच बोट ठेवलं, आणि मला तिचं पटतं. आएटिअसची मांडणीही मान्सफेल्ड आणि रुनिया यांनी 1997 पासून खंडामागून खंड काढत पुन्हा तपासली, बरीचशी दुरुस्त केली. ते शक्य झालं, कारण डील्सने आपला प्रत्येक टाका उघडा ठेवला होता. आपल्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर संहिता आणि खाली पाठभेदांच्या बारीक अक्षरातल्या ओळी आहेत ना, तीही हीच वृत्ती. सुकथनकर पुण्यात त्या कामाला बसण्याआधी बर्लिनलाच ल्यूडर्सकडे शिकले होते.

म्हणून माझं ऐक. बाईंनी दिलेलं काम वर्षभर मन लावून कर. प्रत्येक अवतरणापुढे ते कुणी दिलं, कशासाठी दिलं, आणि त्याच्यापुढे मूळ पुस्तक होतं की दुसऱ्याची वही, हे लिहीत जा. तुझं स्वतःचं मत वेगळ्या वहीत लिही. ते लिहू नकोस असं मी म्हणणार नाही, फक्त दोन्ही वह्या एक होऊ देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट, मग थांबतो. सिंप्लिकिअसने सॉक्रेटिसपूर्व एम्पेडोक्लीसच्या काव्यातल्या 35 ओळी सलग उतरून ठेवल्या आहेत, डी.के.मध्ये 17 क्रमांकाच्या. इजिप्तमध्ये 1904 साली विकत घेतलेले पपायरसचे काही तुकडे स्ट्रासबुर्गच्या ग्रंथालयात जवळजवळ नव्वद वर्षं ओळख न पटता पडून होते. मार्टिन आणि प्रिमावेसी यांनी ते 1999 साली प्रसिद्ध केले. त्यात त्याच उताऱ्याच्या शेवटच्या ओळी निघाल्या, आणि त्यांच्यापुढच्या, कुणीच न पाहिलेल्या ओळीही. समासात लेखनिकाने 300व्या ओळीची खूण केली होती. त्यावरून मागे मोजत गेलं तर सिंप्लिकिअसचा उतारा पहिल्या सर्गाच्या 232व्या ओळीपासून सुरू होतो, हेही कळलं.

तुझ्या पानांत तो उतारा येतो का ते कळव. येत असेल तर ईस्टरच्या सुट्टीत इकडे यायची घाई करू नकोस, आधी स्ट्रासबुर्गला जाऊन ते तुकडे बघायला मिळतात का विचार. तिकिटाचे पैसे मी पाठवतो. तुझ्या आईला मी समजावतो.

तुझा
मामा