पाणी धरून ठेवणारे जाळे : हायड्रोजेलची ओळख



घरी एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन पेल्यांत सारखे पाणी घ्या. एकात बाभळीच्या डिंकाचा खडा टाका, दुसऱ्यात कांडोळाच्या डिंकाचा. आपल्या जंगलांतून आदिवासी बांधव जे डिंक गोळा करून आणतात, त्यांत हा कांडोळाचा डिंकही असतो. सकाळी बाभळीचा डिंक विरघळलेला दिसेल. कांडोळाचा डिंक मात्र फुगून लुसलुशीत गोळा झालेला असेल.

दोन्ही डिंक लांबलचक रेणू-साखळ्यांचे बनलेले आहेत. अशा पदार्थांना बहुवारिक म्हणतात. बाभळीच्या डिंकातील साखळ्या पाण्यात सुट्या होतात. कांडोळातील साखळ्या एकमेकींत गुंतून राहतात आणि मध्ये पाणी धरून ठेवतात. पाण्याने फुगतो पण विरघळत नाही, अशा जाळीदार पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात.

परंतु नुसत्या गुंत्याचा भरवसा धरता येत नाही. अगरची जेली गरम केली की पातळ होते, हे तुम्ही पाहिले असेल. डोळ्यात किंवा जखमेवर ठेवायची वस्तू अशी वाहून गेली तर कसे चालेल? म्हणून रसायनशास्त्रज्ञ या साखळ्यांना रासायनिक बंधांनी एकमेकींशी पक्के जोडतात. या जोडांना क्रॉसलिंक म्हणतात. मासे धरण्याचे जाळे आठवा. दोरे नुसते एकमेकांवर ठेवले तर सरकतात, गाठी मारल्या तर टिकतात. गाठी जवळजवळ असल्या तर जेल कडक होते व कमी पाणी घेते. गाठी दूरदूर असल्या तर ते खूप फुगते, पण लवकर फाटते. जेल कोणत्या कामाचे, हे बरेचसे या गाठींवर ठरते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लीम यांनी १९६० साली शरीरात वापरता येतील अशा जेलवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हायड्रॉक्सीएथिल मेथॅक्रिलेट या द्रव्याच्या साखळ्या त्यांनी दुसऱ्या एका द्रव्याने जोडल्या. या जोडणाऱ्या द्रव्याच्या रेणूला जणू दोन हात असतात. एका हाताने तो एक साखळी धरतो, दुसऱ्याने दुसरी. तयार झालेल्या जेलमध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असते, तरीही ते पारदर्शक राहते. पुढे सरकारने लेन्सच्या कामाचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात घरीच मुलांच्या खेळण्यातील धातूचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून यंत्र जुळवले व त्यावर लेन्स बनवल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत या लेन्सना मान्यता मिळाली.

पक्क्या बंधांची एक अडचण असते : ते एकदा तुटले की आपोआप जुळत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि डॉ. शायनी व्हर्गीस यांनी यावर काम केले. त्यांनी जाळ्याला अशा बाजूच्या साखळ्या ठेवल्या, की ज्या तांब्याचे आयन धरून तुटलेले तुकडे पुन्हा सांधतात. हे काम २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. व्हर्गीस यांच्या अमेरिकेतील गटाने २०१२ मध्ये, आम्लात काही सेकंदांत सांधणारे जेल दाखवले. आपल्या जठरात आम्ल असते, त्यामुळे तेथील छिद्र बुजवण्यासाठी अशा जेलचा उपयोग व्हावा, अशी त्यामागची कल्पना आहे.

आता पालकांसाठीही एक महत्त्वाची गोष्ट. जो बंध तुटत नाही म्हणून लेन्स उपयोगी, तोच बंध चुकीच्या जागी घातक ठरतो. पाण्यात टाकले की बोराएवढे किंवा त्याहून मोठे होणारे रंगीत जेलचे मणी खेळण्यासाठी व सजावटीसाठी विकले जातात. तेही क्रॉसलिंक असलेले हायड्रोजेलच. लहान मुलाने कोरडा, मोहरीएवढा मणी गिळला तर तो पोटात फुगतो, विरघळत नाही आणि आतड्याचा मार्ग अडवू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा दिसतही नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२३ मध्ये याबाबत पालकांना इशारा दिला होता. म्हणून घरात लहान भावंडे असतील तर असे मणी आणूच नयेत. मुलाने मणी गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नये. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि मण्यांचे पाकीट बरोबर नेऊन डॉक्टरांना दाखवावे.

लेन्स वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की जेल आजूबाजूचे पाणी शोषून घेते. त्यामुळे लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नये. त्यासाठी असलेले द्रावणच वापरावे.

विचार करा :
१. जखमेवर लावायच्या जेलमध्ये गाठी फार जवळजवळ केल्या तर काय होईल?
२. जोडले न गेलेले द्रव्य जेलमध्ये उरले, तर ते वापरण्यापूर्वी धुऊन का काढावे लागत असेल?

उत्तरे वहीत लिहून आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.