बिघाड कुठे आहे?

"सर्व्हर डाउन आहे, उद्या या." रेशन दुकानात हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी पिशवी घेऊन परत जाते. राग दुकानदारावर निघतो. पण त्याच्याजवळ फक्त अंगठा घेण्याचे यंत्र असते. कार्डाचा हिशेब दूर शहरातल्या मोठ्या संगणकात असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. गावोगावची यंत्रे त्याला विचारतात, तो उत्तर देतो. तो अडला की सगळी अडली.

मात्र दोष नेहमी सर्व्हरचाच नसतो. शेजारच्या गावी फोन करून विचारावे. तिथे धान्य मिळत असेल, तर सर्व्हर चालू आहे. बिघाड आपल्याच वाटेत आहे. कधी खोदकामात तार तुटते, कधी नुसती रेंज नसते.

आमच्या शाळेत शिकलेला एक मुलगा बदलापूरला राहतो. तो नोकरीत असे सर्व्हर सांभाळतो आणि घरामागे दोन वाफे भाजी करतो. आम्ही त्याला विचारले, "यंत्र बंद पडलं की तू काय करतोस?"

तो म्हणाला, "गुरुजी, आधी कशालाही हात लावत नाही. नुसतं बघतो."

वीज आहे का? तार बसली आहे का? पंखा फिरतो का? सर्व्हर फार तापतो, म्हणून त्याची खोली थंड ठेवतात. मग तो नोंदी वाचतो. सर्व्हर आपली रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. कधी या नोंदींनीच सगळी जागा भरते आणि काम थांबते. कणगी भरली की वर दाणा राहत नाही, तसेच हे. कारण सापडले की तो एकच गोष्ट बदलतो आणि पुन्हा बघतो. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

वाफ्यातही तो असेच करतो. मिरचीची पाने पिवळी पडली की लोक लगेच युरिया टाकतात. तो आधी मातीत बोट घालतो. चिखल असेल तर मुळे गुदमरली आहेत, पाणी थांबवायचे. माती ठीक असून खालची जुनी पाने आधी पिवळी झाली, तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असल्या, तर बहुधा लोह कमी पडते. पान उलटूनही बघावे. मावा आणि पांढरी माशी पानाखालीच बसतात.

टोमॅटोचे बूड काळे पडते, त्यावर पुष्कळांचा पैसा औषधात जातो. तो रोग नव्हे. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी, असे झाले की फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी बेताचे व नियमित द्यावे, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. काळे झालेले फळ सुधारत नाही, पुढची चांगली येतात.

सर्व्हर लवकर उत्तर देतो, झाडाला आठ-दहा दिवस लागतात. आम्हाला विचाराल तर हे थांबणेच जास्त अवघड!

सर्व्हरवरच्या हिशेबाची नक्कल दुसऱ्या जागी ठेवतात. ती मधूनमधून उघडून बघावी लागते, नाहीतर ऐन वेळी कोरी निघायची. घरच्या बियांचेही तसेच. पेरणीआधी घेवड्याच्या दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवाव्या. फडके सुकू देऊ नये. आठवड्याने मोजावे. आठ-नऊ उगवल्या तर बी चांगले. चार-पाचच उगवल्या तर बी दुप्पट टाकावे.