फ्लूचा ताप अंगावर काढू नका



गळीत हंगाम सुरू झाला की तोडीची चिठ्ठी केव्हा येते इकडे आपले डोळे लागतात. अशात ताप आला तर "उतरेल दोन दिवसांत" म्हणून आपण तो अंगावर काढतो. साध्या पडशात हे चालून जाते. इन्फ्ल्यूएंझात, म्हणजेच फ्लूत, नेमके हेच दोन दिवस मोलाचे असतात.

फ्लू हा विषाणूचा रोग. एकाएकी थंडी-ताप, सपाटून अंगदुखी, डोकेदुखी, घसा दुखणे, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. तो खोकल्या-शिंकांतून पसरतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये तो वाढतो. पहिल्या वेळी मालाड-मढकडे कामाला असलेली पोरे गणपतीला गावी येतात. दुसऱ्या वेळी ऊसतोड टोळ्या कोपीत दाटीने राहत असतात.

१० जून १९१८ रोजी मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले; त्यांतला एक गोदीवरील होता. पुढे ती साथ देशभर पसरली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तेव्हा विषाणूवर औषध नव्हते. २००९ साली स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्टला देशातील पहिला बळी पुण्यात गेला. मात्र या वेळी ऑसेल्टामिव्हिर हे औषध हाताशी होते.

हे औषध करते काय? विषाणू शरीरातील पेशीत शिरून वाढतो आणि बाहेर पडून पुढच्या पेशी धरतो. औषध त्याची बाहेर पडण्याची वाट अडवते. म्हणून ते लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वांत उपयोगी पडते. तण उगवण्याआधी मारायचे तणनाशक तण माजल्यावर मारून कितीसा उपयोग? तसेच हे. तरीपण आजार गंभीर असेल तर उशीर झाला तरी डॉक्टर ते देतात.

मोठ्या माणसास साधारणतः ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. मुलांना वजनावर, मूत्रपिंडाच्या रोग्यास कमी. म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. सौम्य ताप असलेल्या धडधाकट माणसास बहुधा त्याची गरजही नसते. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

मोझॅकवर बुरशीनाशक चालत नाही, तसे फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही. हे औषध बनवताना लागणारे आम्ल चक्रफुलातून काढतात हे खरे. पण चक्रफुलाच्या काढ्याने फ्लू जात नाही.

गरोदर बाई, पाच वर्षांखालील मूल, पासष्टीपुढील माणूस, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा रोगी यांना फ्लूसारखा ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, निळसर नखे, गुंगी दिसल्यास कोणीही असो, थेट इस्पितळात न्या. अशांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

टोळीतल्या माणसाला ताप आला तर मुकादमाने त्याला फडावर न नेता दवाखान्यात पाठवावे, एवढे प्रत्येक सभासदाने पाहावे. ऊस चार दिवस थांबेल. माणूस गेला तर परत येत नाही.