हौशी छायाचित्रकारांच्या तसबिरी

गेल्या हिवाळ्यांत आमच्या गांवच्या वाचनालयाच्या सभागृहांत स्थानिक हौशी छायाचित्रकारांच्या तसबिरींचें तीन दिवसांचें प्रदर्शन भरलें होतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही तें पाहावयास गेलों. तेथें जें पाहिलें व जें घडलें, त्यावरून छायाचित्र कसें पाहावें, कसें काढावें व कसें जपावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हौशी म्हणजे कच्चा, असा एक समज आहे. या कलेचा इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं. इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर याची कृति जाहीर झाली. तिनें चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे, व त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडांत टॅल्बट यानें कागदावर आधीं उलट छायेचें चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची युक्ति शोधिली व १८४१ त तिचें पेटंट घेतलें. प्रती निघूं लागल्यावर प्रदर्शनें आलीं. डिसेंबर १८५२ मध्यें लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें केवळ छायाचित्रांचें प्रदर्शन भरविलें. पुढें दोनच वर्षांनीं, १८५४ त, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. दोघांचाही व्यवसाय वैद्यकीचा. १८५५ त एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्गहि निघाला. लाला दीनदयाळ हे इंदुरास बांधकामखात्यांत नोकरीस असतांना हौसेनेंच या कलेकडे वळले. तात्पर्य, आमच्या गांवचे बसवाहक, औषधविक्रेते व शिक्षिका यांनीं सुटीच्या दिवशीं कॅमेरा हातीं धरला, तो जुन्या वाटेनेंच.

आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलमध्यें हजारों छायाचित्रें असतात व बहुतेक पुन्हां पाहिलीं जात नाहींत. त्यांतून एक निवडून, कागदावर छापून, चौकटींत बसवून भिंतीवर लावणें ही निराळी गोष्ट होय. जो तसें करतो तो चारचौघांसमक्ष म्हणतो, ‘हें पाहण्यासारखें आहे.’ या म्हणण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

पाहण्याचा क्रम आम्हीं विद्यार्थ्यांस असा सांगितला. आधीं चार पावलें दूर उभे राहून उजेड कोठून येत आहे तें पाहावें. मग जवळ जाऊन काळ्या भागांत व पांढऱ्या भागांत कांहीं दिसतें कीं नाहीं तें पाहावें. चांगल्या छापींत सांवलींतहि वस्त्राची घडी दिसते व उन्हांतील भिंतीचा खरखरीतपणाहि हरवत नाहीं. तिसऱ्यानें चित्राच्या चारी कडा पाहाव्या, व कडेबाहेर काय राहिलें असेल याचा विचार करावा. खालचें नांव अगदीं शेवटीं वाचावें.

हा क्रम किती उपयोगाचा, तें लवकरच कळलें. एका तसबिरींत गोंदलेला, सुरकुतलेला एक हात व तळव्यावर दोन नाणीं एवढेंच होतें. छाप उत्तम होती. खालीं नांव होतें ‘दारिद्र्य’. आमच्या एका विद्यार्थिनीनें गोंदण ओळखलें. “मास्तर, हा दारांतल्या भाजीवाल्या आजींचा हात आहे,” ती म्हणाली, आणि आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वीं धांवत जाऊन आजींना आंत घेऊनहि आली.

आजी तसबिरीपुढें बराच वेळ उभ्या राहिल्या. मग स्वतःचा हात काचेजवळ नेऊन म्हणाल्या, “माझाच हाय की! हे गोंदण माझ्या आईनं काढून घेतलं.” नंतर विचारलें, “खाली काय लिवलंय?”

कोणी उत्तर देईना. अखेर त्याच मुलीनें हलक्या आवाजांत वाचून दाखविलें. आजी रागावल्या नाहींत. “चाळीस वरसं पाटी उचलती मी,” त्या म्हणाल्या. “कुणाचं देणं न्हाई. ही नाणी गिऱ्हाइकाला परत द्यायची व्हती. पाटी कुठं गेली ह्यातली?”

पाटी कडेबाहेर राहिली होती. भाजी, तराजू, गिऱ्हाईक, आजींचा चेहरा, सारेंच कडेबाहेर राहिलें होतें. छायाचित्रकार तरुण जवळच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. “आजी, तुम्हांला विचारायला हवं होतं, चुकलं,” असें तो म्हणाला. त्यानें खोटें चित्र काढलें नव्हतें. हात खरा होता, नाणींहि खरीं होतीं. परंतु कडा त्यानें निवडल्या व नांव त्यानें दिलें, आणि त्या दोहोंनीं मिळून एका स्वाभिमानी बाईविषयीं असत्य सांगितलें. दुसऱ्या दिवशीं खालची चिठ्ठी बदललेली आढळली. तीवर आजींचें नांव होतें व पुढें ‘भाजीविक्रेत्या’ असा शब्द होता. प्रदर्शन संपल्यावर ती तसबीर त्यानें आजींच्या घरीं पोंचविली, आणि पाटीसकट त्यांचें दुसरें छायाचित्र, त्यांच्या संमतीनें, काढून आणलें.

“हे किती दिस टिकंल?” असें आजींनीं त्यास विचारल्याचें आम्हांस पुढें समजलें. हा प्रश्न प्रत्येकानें विचारण्यासारखा आहे. उन्हानें रंग उडतात, म्हणून ऊन येणाऱ्या भिंतीवर तसबीर लावूं नये. चुलीच्या धुरापासून व ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती दूर असावी. चित्र व कांच यांमध्यें खिडकी कापलेला जाड पुठ्ठा घालतात तो केवळ शोभेकरितां नव्हे. त्यानें मध्यें पोकळी राहते. पोकळी नसली तर पावसाळ्यांतील दमट हवेनें कागदावरील थर मऊ होऊन कांचेस चिकटतो, व सोडवूं गेल्यास चित्रच फाटतें. पाठीमागचा पुठ्ठाहि आम्लरहित असावा. हलक्या पुठ्ठ्यांतील आम्लानें कागद पिवळा पडतो. चित्र पुठ्ठ्यास गोंदानें सबंध डकवूं नये. वरच्या कडेस दोन पट्ट्यांनीं टांगावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं बहुतेकांच्या हातीं आज ना उद्यां हें यंत्र येईल. ज्याचें चित्र घ्याल त्यास आधीं विचारा. घेतल्यावर त्याला दाखवा. आणि जें नांव त्याच्या समोर मोठ्यानें वाचण्यास तुमची जीभ अडखळेल, तें त्याच्या चित्राखालीं लिहूं नका.