तुकडा कुठे उडेल?

सातारा-सांगली पट्ट्यात मटेरियल टेस्टिंग लॅबला काम कमी पडत नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज 1947 पासूनचं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1960चं. शिवाय किर्लोस्करवाडीचे पंप, साताऱ्याचा कूपरचा कारखाना आणि जागोजागच्या फाउंड्र्या. अशा लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. नवीन पोरं मशिनला बिचकतात. मी म्हणतो, मशिन बोल्टनं जमिनीला बांधलंय, ते कुठे जात नाही. नमुना तुटल्यावर कुठे जाईल, ते आधी बघा.

1. तुटताना इशारा कोण देतं आणि कोण देत नाही, हे ओळखा. 16 मिलिमीटरची एफई 500 सळी यूटीएमवर, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनवर, ओढली की दहा टनांच्या आसपास यील्ड होते, लांबत जाते, एका जागी बारीक होते आणि मग बंदुकीसारखा आवाज करून तुटते. बारीक व्हायला लागण्याच्या आधीच लांबण मोजणारा एक्स्टेन्सोमीटर काढून घ्यायचा, नाहीतर सळीबरोबर तोही जातो. बीड मात्र काहीच कळू देत नाही. दाबाखाली ते तिरकं फुटतं आणि तुकडे डोळ्यांच्या उंचीला येतात. बिडाचा नमुना लावला की चष्मा आणि जाळी दोन्ही हवंच, मग साहेब शेजारी उभे असोत वा नसोत.

2. सळी जॉमध्ये अर्धवट पकडू नका. सळीच्या मापाचे जॉ लावा आणि सळी त्यांच्या पूर्ण लांबीत बसवा. घसरलेली सळी तुटलेल्या सळीइतकीच वाईट. खालचा क्रॉसहेड वरखाली करायची मोटर फक्त अंतर जुळवण्यासाठी असते. लोड असताना ते बटण दाबणारा उत्साही माणूस प्रत्येक लॅबमध्ये एक तरी सापडतो. त्याला बटणापासून लांब, नोंदवहीपाशी बसवावं.

3. काँक्रीटचा क्यूब म्हणजे इथलं रोजचं काम, म्हणून सगळ्यात जास्त ढिलाई इथेच. 150 मिलिमीटरच्या क्यूबचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर. एम 20 काँक्रीट असेल तर तो निदान 450 किलोन्यूटन घेतो, म्हणजे उसानं भरलेल्या दोन ट्रकांएवढं वजन त्या एका ठोकळ्यावर. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या त्याही ताणानंच. क्यूब वरून दाबला तरी फुटतो तो बाजूंनी, पापुद्रे सुटत सुटत. म्हणून मशिनच्या समोर कान लावून कोणी उभं राहायचं नाही. ठेकेदाराचा माणूस हटकून पुढे वाकतो, कारण त्याचा जीव त्या काट्यात अडकलेला असतो. त्याला खुर्ची द्या, चहा द्या, पण जाळीच्या बाहेर.

लोड चढवायचा तो मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे 140 किलोच्या वेगानं. घाईनं चढवला तर आकडा फुगतो आणि क्यूबही एकदम उडतो. ओतताना जी बाजू वर होती ती मशिनमध्ये वर ठेवू नका. प्लेटवर आधीच्या क्यूबची खडी राहिली असेल तर ती पुसा.

4. एवढं सगळं सांगितलं, तरी लॅबमध्ये इजा बहुधा पायाला होते. क्यूब आठ किलोचा, टाकीतून काढलेला, ओला आणि निसरडा. चपला घालून आलेल्याला परत पाठवतो.

5. लाइट गेली की आधी स्टार्टर बंद, मग रिलीज व्हॉल्व्ह हळूच उघडायचा. मोबाइलचा टॉर्च घेऊन मशिनमध्ये डोकावायचं नाही. पंप बंद पडला म्हणजे नमुन्यातला जोर लगेच उतरला असं नाही.

6. इम्पॅक्ट टेस्टला पोरं खेळणं समजून हसतात. शार्पीचा नमुना असतो जेमतेम 10 बाय 10 बाय 55 मिलिमीटरचा, त्यात दोन मिलिमीटरची खाच. पण वर टांगलेला हातोडा वीसेक किलोचा असतो. नमुना बसवताना लॅच लागल्याची खात्री करायची, आणि हातोड्याच्या वाटेत हातही नको, लोंबता टायही नको. नमुना तुटला तरी हातोडा थांबत नाही. पलीकडे चढतो आणि तसाच परत येतो. ब्रेक लावून तो पुरता थांबेपर्यंत तुकडे उचलायला वाकू नका. ते कुठे पळत नाहीत. बहुतेक वेळा कपाटाखाली सापडतात.